सतरा क्रमांकाची सरळ रेषा

बुधवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पालकोंडच्या काजू कारखान्यात संदेश आला. उत्तर युरोपातल्या बंदरात पोचलेला कंटेनर अडवण्यात आला होता. माल : सोललेला अख्खा काजूगर, पंधरा टन. कारण : भीती.

मालक गुरुनाथ वालावलकर यांनी संदेश दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि ते कचेरीतून उठून सोलणीच्या खोलीत गेले. तिथे बत्तीस बायका लांब टेबलांना बसल्या होत्या. भट्टीतून सुकून आलेल्या गरांवरची तांबडी साल सुरीच्या टोकाने आणि अंगठ्याच्या नखाने काढायचं काम चालू होतं.

"तुमका कोणाचा भय वाटता गो?" वालावलकरांनी दारातूनच विचारलं.

सुऱ्या थांबल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"भाऊनू, तुमचा तर नाय वाटणा," शालन परब म्हणाली, आणि खोली हसली.

"हसा नको. कंटेनर अडकलो हा. मशीन सांगता, तुमी घाबरून काम करतास."

"माका सासूचा भय वाटायचा," दुसरी म्हणाली. "पण तिका जाऊन चार वर्सां झाली. मशीनीक कोणीतरी सांगा."

ही मशीन म्हणजे घामठसा वाचणारं यंत्र. चौदा देशांनी केलेला व्यापार करार आठ महिन्यांपूर्वी लागू झाला, त्यातल्या एकोणिसाव्या कलमाने ते बंदराबंदरांत बसवलं. त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. माणसाच्या घामात पाणी आणि मीठ असतं, तसे शरीराच्या अवस्थेप्रमाणे बदलणारे शेकडो रेणूही असतात. दमलेल्या माणसाच्या घामात एक मिश्रण सापडतं, झोप न मिळालेल्याच्या घामात दुसरं, घाबरलेल्याच्या घामात तिसरं. पूर्वी समजूत होती की हे रेणू काही तासांत विरून जातात. मग एका प्रयोगशाळेला आढळलं की स्निग्ध पदार्थाच्या पृष्ठभागावर ते अडकून राहतात. काजूगरावर तेलाचा पातळ थर असतो. बोटाचा घाम त्या थरात मुरला की पाच-सहा महिने टिकतो. गर धुऊन काढलेलं द्रावण रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्रातून गेलं की तो गर सोलणारी बाई त्या वेळी कशी होती, याचा अंदाज शून्य ते शंभर अशा आकड्यात मिळतो. या आकड्याला भयांक म्हणतात.

कराराचा हेतू साधा होता. धमकावून, कोंडून, हक्क डावलून करून घेतलेल्या कामाचा माल चौदा देशांत कोणी विकत घेऊ नये. कागदी प्रमाणपत्रं खोटी निघत होती, तपासनीस येणार म्हटलं की कारखाने रंगवले जात होते. घाम रंगवता येत नाही. प्रत्येक ताटावर सोलणारीचा क्रमांक असतो. नाव फक्त कारखान्याला माहीत असतं, बंदराला क्रमांकच कळतो. सगळ्या क्रमांकांची सरासरी पस्तीसच्या खाली हवी. पालकोंडची सरासरी बावन्न आली होती.

वालावलकरांनी हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं. शेवटी म्हणाले, "आठ तासांच्या वर कोणाक बसवूक नाय. कोणावर वरडूक नाय. मगे बावन्न खयसून इले?"

खोलीच्या मधोमध बसलेल्या इंदुमती रेडकर यांनी सुरी खाली ठेवली. वय अठ्ठावन्न, क्रमांक नऊ, सगळ्यांच्या इंदूकाकी. बावीस वर्षं त्या इथे गर सोलत होत्या, आणि बावीस वर्षं सोलता सोलता गजाली सांगत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या महिन्यात मी शिंप्याची गजाल सांगत होतंय."

शालनने कपाळावर हात मारला. शिंप्याची गजाल म्हणजे एका मेलेल्या शिंप्याची गोष्ट. एक पोलकं अर्धवट राहिलेलं असताना तो गेला आणि तेव्हापासून भर दुपारी बाराला दारोदार माप घ्यायला येतो. आधी पाठीवर थंड टेप लागतो, मग गळ्याकडे सरकतो. इंदूकाकींनी ती पंचवीस दिवस पुरवून पुरवून सांगितली होती. त्या महिन्यात बारा वाजता एकटी नळावर जायला कोणी तयार नव्हती.

"म्हणजे माजो कंटेनर तुज्या भुतान अडवल्यान?" वालावलकर म्हणाले.

"मशीन खोटा बोलूक नाय," इंदूकाकी म्हणाल्या. "आमी घाबरललोच."

दुपारी सूचनाफलकावर कागद लागला : कामाच्या वेळेत भुताच्या गजाली बंद. पुढील सूचनेपर्यंत. शालनने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, जिवंत माणसांच्या चालतील का. मालक कचेरीत निघून गेले.

गुरुवारी खोलीत सुऱ्यांचा आवाज तेवढा होता. बायका पेंगल्या. संध्याकाळी प्रतवारीच्या टेबलावर अख्खे गर नेहमीपेक्षा कमी आणि तुकडे जास्त निघाले.

शुक्रवारी सकाळी दहाला पुण्याहून कराराचे चाचणी अधिकारी नीरज बोकील आले. वय चौतीस, पांढरा शर्ट, हातात छोटी पेटी. पेटीत बंदरातल्या यंत्राची लहान आवृत्ती होती. मनगटावर चिकटवायची पट्टी दर पाच मिनिटांनी घामाचा आकडा पाठवते आणि पडद्यावर प्रत्येक क्रमांकाची रेषा उमटते.

"तुमचं म्हणणं लेखी आलंय," बोकील म्हणाले. "भुताच्या गोष्टीमुळे भयांक वाढला. असं कारण आमच्याकडे आजवर कोणी दिलेलं नाही. करारात खुलाशाची सोय आहे, पण खुलासा प्रयोगाने सिद्ध व्हावा लागतो. तर आधी अर्धा तास गप्प काम, मग अर्धा तास गोष्ट, मग पुन्हा अर्धा तास गप्प. मी आकडे पाहीन."

"गजाल सांगूक परवानगी आसा?" इंदूकाकींनी मालकांकडे बघत विचारलं.

"आज सांग," वालावलकर म्हणाले. "बरी सांग. वायच ज्यास्तच भिवव."

बोकीलांनी बत्तीस पट्ट्या वाटल्या. एक उरली. शालनने ती उचलून त्यांच्यापुढे धरली. "तुमी पण लावा. फकत बायकांक कित्याक मापतास?"

"मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही."

"मगे भिताय कित्याक? लावा."

बोकीलांनी लावली.

साडेदहा ते अकरा कोणी बोललं नाही. सरासरी एकवीस. अकरा वाजता इंदूकाकींनी सुरुवात केली. आवाज चढवला नाही, हातातली सुरीही थांबवली नाही. शिंपी अंगणात आला. त्याने चपला काढल्या, कारण जिवंतपणी तो रीतीचा माणूस होता. त्याने विचारलं, बाय, माप देतंस? घरातल्या सुनेला वाटलं नवऱ्यानेच कोणाला तरी पाठवलंय. ती पाठमोरी उभी राहिली. टेप खांद्यावर पडला तेव्हा तिला वाटलं, पावसाळ्यातल्या विहिरीचा दोर आहे.

इथे इंदूकाकी थांबल्या आणि त्यांनी एक गर निवांतपणे सोलला.

"मगे?" तीन-चार आवाज एकदम आले.

"मगे काय. तेना माप घेतल्यान. आणि म्हणालो, गळ्याचा वायच कमी करूया."

टेबलाच्या टोकाची बाई किंचाळली. तिच्या किंचाळण्याने दुसरी दचकली, ताट कलंडलं, गर जमिनीवर सांडले आणि ते गोळा करता करता सगळी खोली हसत सुटली. पडद्यावर रेषा उभ्या चढत होत्या. सरासरी सत्तावन्न.

शालन उठून बोकीलांच्या मागे गेली. "साहेबांचे किती बगूया."

पडद्यावर तेहेतिसावी रेषा होती. आकडा एकाहत्तर.

"खोली गरम आहे," बोकील म्हणाले.

"खोली आमच्यासाठी पण तितकीच गरम आसा," शालन म्हणाली. बोकीलांनाही हसू आवरलं नाही.

साडेअकरा ते बारा पुन्हा शांतता. रेषा उतरत गेल्या. सरासरी चोवीस. बोकीलांनी चष्मा काढला, पडदा वालावलकरांकडे फिरवला आणि समजावून सांगितलं. धाकाखाली असलेल्या माणसाची भीती तळाशी साचून राहते, सकाळी असते तेवढीच संध्याकाळी असते. गोष्टीची भीती चढते आणि उतरते. बंदरातल्या यंत्राला फक्त साचलेला ठसा दिसतो, चढउतार दिसत नाही. ही यंत्राची उणीव आहे, आणि पालकोंडचा खुलासा सिद्ध झाला आहे.

"आज संध्याकाळी अहवाल पाठवतो. उद्या माल सुटेल."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वालावलकरांनी सोलकढी मागवली. हा कंटेनर म्हणजे कारखान्याची नव्या करारातली पहिली खेप होती. ती परत आली असती तर दोन वर्षं चौदाही देशांची दारं बंद झाली असती आणि ही टेबलं अर्धी रिकामी करावी लागली असती, हे खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

इंदूकाकी पडद्यापाशी आल्या. आपली गजाल कशी दिसते ते त्यांना पाहायचं होतं. बायकांच्या एकतीस रेषा डोंगरासारख्या होत्या. एकच रेषा अशी नव्हती. ती डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सरळ गेली होती, एकसष्टवर.

"ही कोणाची?"

"सतरा क्रमांक," बोकील म्हणाले. "एखादी असते अशी. नियम सरासरीचा आहे, सरासरी ठीक आहे."

इंदूकाकी वळल्या. सतरा क्रमांक म्हणजे चांदमुनी हेम्ब्रम. वय तीस, गाव झारखंडात दुमक्याजवळ. सात महिन्यांपूर्वी ठेकेदाराने आणलेल्या पाच जणांतली ती एक. बाकीचे चौघे काजू फोडण्याच्या शेडमध्ये होते. चांदमुनीचा हात खोलीत सर्वांत जलद, म्हणून तिच्याबद्दल कधी कोणाची तक्रार नव्हती. ती कोणाशी बोलत नसे. सुटी झाली की कारखान्याच्या आवारातल्या खोलीत जाई.

ती गप्प आणि भेदरलेली असते हे बायकांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आपल्या परीने इलाजही केला होता. शिंप्याच्या गजालीने पोर घाबरली, असं ठरवून शालनने तिला ग्रामदेवतेचा अंगारा लावला. दुसरीने मनगटाला काळा दोरा बांधला. इंदूकाकींनी स्वतः मीठ-मोहरीने तिची दृष्ट काढली आणि खिडकीजवळची जागा बदलून दिली, कारण शिंपी खिडकीतून येतो.

"शालन," इंदूकाकी हळू म्हणाल्या, "तिका आपली भाषा कळता खय?"

शालनने विचार केला. "नाय. हिंदी थोडी येता. आपली नाय."

"मगे ती शिंप्याक कशी भितली?"

"मगे आमी तिका अंगारो कित्याक लावलो?"

खोलीत सोलकढीचे पेले फिरत होते.

इंदूकाकी चांदमुनीच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांची हिंदी टीव्हीवर शिकलेली होती. पंधरा मिनिटांत निघालं ते असं. कामावर आणतानाच ठेकेदाराने पाचही जणांची ओळखपत्रं ठेवून घेतली होती. कार्ड मागितलं की तो म्हणे, काम सोडलंस की देतो. बाहेर फिरलीस आणि पोलिसांनी कार्ड विचारलं तर आत टाकतील, असंही त्याने सांगून ठेवलं होतं. म्हणून सात महिने ती फाटकाबाहेर पडली नव्हती. मुलीच्या वाढदिवसाला घरी जायचं होतं, तिकिटाला कार्ड लागतं, म्हणून राहून गेलं.

इंदूकाकी उठल्या. वालावलकर आणि बोकील कचेरीत अहवालावर सही करत होते.

"सायबानू, लिवू नकात अजून."

त्यांनी ऐकलेलं सगळं सांगितलं. वालावलकरांचा चेहरा उतरला. त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. तो कुडाळला होता, आणि कार्डं आपल्याकडेच आहेत म्हणाला. मग त्यांनी फोन ठेवला.

"माका म्हायत नव्हता," ते म्हणाले.

"आमका पण नाय," इंदूकाकी म्हणाल्या. "रोज एका टेबलार बसतव."

बोकीलांनी पेन बंद केलं. "आता मला नीट बोलावं लागेल. मी आहे तसा अहवाल पाठवला तर त्यात खोटं काही नाही. गोष्टीमुळे सरासरी वाढली हे खरं आहे. माल उद्या सुटेल. कार्डाचं लिहिलं तर तो जबरदस्तीच्या कामाचा पुरावा ठरतो. मग चौकशी आपोआप लागते. पंचेचाळीस दिवस माल बंदरात. निकाल काहीही लागू शकतो. बंदीसुद्धा."

"आमी कार्ड आजच आणून दिला तर?" वालावलकर म्हणाले.

"ते चांगलंच. पण घडलेलं पुसलं जात नाही."

"काकी," वालावलकर म्हणाले, "कार्ड मी आणतंय. ठेकेदाराक काढून टाकतंय. मगे लिवचा कित्याक? बत्तीस घरां आसत. हयसरचा हयसर मिटता."

इंदूकाकींची सूनही याच कारखान्यात पॅकिंगला होती. खिडकीतून टाळ्या आणि हसणं ऐकू येत होतं.

"मशीन तिच्यासाठीच बसवल्यानी ना?" त्या म्हणाल्या. "माज्या शिंप्यासाठी नाय. तुमी इतक्याच लिवलात तर खोटा नाय, पण अर्धा. आणि अर्धी गजाल मी बावीस वर्सांत कधी सांगूक नाय."

"यात तिचं मत लागेल," बोकील म्हणाले. "करारात तसं कलम आहे. क्रमांकामागचं नाव उघड करायचं की नाही, हे क्रमांकवालीने ठरवायचं."

चांदमुनीला बोलावलं. बोकीलांनी दोन्ही वाटा हिंदीत, सावकाश, काही न वगळता सांगितल्या. लिहिलं तर कारखान्याचं काय होऊ शकतं, हेही सांगितलं. तिने मध्ये एकदा विचारलं की कारखाना बंद झाला तर या सगळ्या बायका कुठे जातील. बोकील म्हणाले, मला माहीत नाही. तिने दाराकडे पाहिलं. दारात एव्हाना निम्मी खोली जमली होती.

"लिवा म्हणाक सांगा तिका," मागून शालन ओरडली. "आमी बगतलो काय ता!"

चांदमुनीला शब्द कळले नसावेत. पण ती हसली. सात महिन्यांत तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"लिखिए," ती म्हणाली. "नाम भी लिखिए. और यह भी लिखिए कि काम मुझे अच्छा लगता है." मग इंदूकाकींकडे वळून म्हणाली, "और वह कहानी क्या है? सात महीने से सब चिल्लाते हैं, मैं अकेली बैठी रहती हूँ."

याचं भाषांतर शालनने केलं. दारातल्या बायका इतक्या हसल्या की बोकीलांना अहवालातली ओळ पुन्हा लिहावी लागली.

वालावलकर स्वतः गाडी घेऊन कुडाळला गेले. दुपारी साडेचारला ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात पाच कार्डं. चांदमुनीने आपलं ओळखलं, त्यावरचा आपला फोटो बघितला आणि तोंडावर हात घेऊन म्हणाली की ही बाई कोण, इतकी रागीट. कार्ड खोलीभर फिरलं. प्रत्येकीने मग आपापल्या कार्डावरचा फोटो दाखवला, आणि सर्वांत वाईट फोटो वालावलकरांचा आहे यावर एकमत झालं. घरी जाण्यापूर्वी वालावलकरांनी सूचनाफलकावरचा गजालीबंदीचा कागद काढून खिशात टाकला. अहवाल सहा वाजून दहा मिनिटांनी गेला.

रविवारी शालनच्या भावाचा टेम्पो काढून एकवीस बायका, चांदमुनी आणि शेडमधले तिचे चौघे सोबती वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेले. कारखान्यापासून समुद्र सहा किलोमीटरवर आहे. चांदमुनीने तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पाणी चाखून तिने तोंड वाकडं केलं. मग मुलीला व्हिडिओ कॉल लावून तिने फोन लाटांकडे धरला आणि तो बराच वेळ तसाच धरून उभी राहिली. शालन म्हणाली, मेल्ये, फोन भिजात. तो भिजलाच. चालू मात्र राहिला.

सोमवारी चौकशीचा एक भाग म्हणून पुन्हा पट्ट्या लागल्या. सतरा क्रमांकाचा सकाळचा आकडा चौदा. खोलीत सर्वांत कमी.

अकरा वाजता इंदूकाकींनी शिंप्याची गजाल पहिल्यापासून सुरू केली. एक वाक्य त्या सांगत, ते शालन आपल्या हिंदीत सांगे. त्यामुळे गोष्ट दुप्पट लांबली. आधीच ठाऊक असलेल्या जागी बायका दोनदा किंचाळल्या, एकदा मालवणीत आणि एकदा हिंदीत. टेप खांद्यावर पडला तेव्हा चांदमुनीची सुरी थांबली. "फिर?" ती म्हणाली.

इंदूकाकींनी एक गर निवांतपणे सोलला.

त्या दिवशीच्या नोंदीप्रमाणे अकरा वाजून वीस मिनिटांनी सतरा क्रमांकाचा भयांक त्रेसष्ट झाला. गोष्ट संपल्यावर वीस मिनिटांत तो सोळावर आला. बोकीलांनी हा आलेख अहवालाला जोडला आहे. चांदमुनीचं दुमक्याचं तिकीट वीस तारखेचं आहे. परतीचंही काढलेलं आहे. ठेकेदारावर गुन्हा नोंदला गेला आहे; कार्डं दिल्यापासून तो पसार आहे, अजून सापडलेला नाही. चौकशीचा निकाल देणाऱ्या चौदा देशांच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. कंटेनर अद्याप बंदरातच आहे.